उन्हातले वायपर

चौगुले सरांनी त्या पत्राला उत्तर दिलं नव्हतं, त्याला आता चौदा महिने होत आले होते. पत्र हरवलं असतं तर बरं झालं असतं, असंही कधीकधी त्यांच्या मनात येई. पण सरांच्या घरात कागद हरवत नसे. रबराच्या रसायनशास्त्रावरच्या एका जाडजूड ग्रंथात, दोनशे बाराव्या पानाशी, ते घडी करून ठेवलेलं होतं. त्या दिवसापासून सरांनी तो ग्रंथ उघडला नव्हता. एका कागदापायी आठशे पानं बंद पडली होती.

पत्र वहीच्या फाडलेल्या पानावर होतं. "स. न. वि. वि. मी वाघजाई घाटात वडापची जीप चालवत होते. तुमच्या टायरवरून माझं लायसन गेलं. टायरला मी वाईट म्हणत नाही. मला एकच विचारायचं आहे. तुमच्या रबराला उन्हातलं पाणी कळतं का? कळतं का नाही, एवढंच तुमच्या सहीनं लिहून पाठवा. सोबत तिकीट लावलेलं पाकीट जोडलं आहे. शबनम मुजावर, मु. पो. मांडवड."

प्रश्न एका ओळीचा होता. उत्तर एका शब्दाचं होतं, आणि ते सरांना पत्र वाचता वाचताच ठाऊक झालं होतं. अडचण तीच होती.

सर उत्तर लिहायला बसलेच नाहीत असं नाही. नऊ वेळा बसले. पहिल्या मसुद्यात 'तथापि' हा शब्द अकरा वेळा आला. दुसऱ्यात त्यांनी आधी स्वतःची ओळख करून दिली, ती फार मोठी वाटली म्हणून खोडली, मग उरलेलं पत्र फार लहान वाटलं. नंतरनंतर तर मायना लिहूनच पेन खाली ठेवू लागले. आपण निवृत्त होऊन आठ वर्षं झाली. आपलं ज्ञान शिळं झालं असेल. कंपनीतल्या तरुण मंडळींनी ती उणीव केव्हाच भरून काढली असेल. उगाच आपण कशाला. 'उगाच आपण कशाला' या तीन शब्दांवर देवगोंडा भरमगोंडा चौगुले यांचं अडुसष्ट वर्षांचं आयुष्य बरंचसं सुरळीत चाललं होतं.

ते बिघडलं टायर झिजल्यामुळे.

मार्गशीर्षातल्या एका मंगळवारी सर आपली जुनी पांढरी एसयूव्ही घेऊन शिरोली नाक्यावर उदय सावेकरच्या दुकानात गेले. त्यांच्या पत्नी सुमतीबाईंच्या गुडघ्यांना त्या उंच गाडीत वाकावं लागत नसे, एवढ्याच कारणावर ती गाडी घरात टिकून होती. सावेकरने टायरवरून तळहात फिरवला.

"सर, ह्यात बघून भांग पाडता येईल. खाचा हुडकायला भिंग लागंल आता."

"म्हणूनच आलो."

"आलासा ते बरं झालं. पण म्या तुम्हाला टायर विकायचं म्हंजे कुंभाराच्या दारात मडकी विकल्यागत हाय."

त्या दिवसांत गाडीची चाकं बदलणं म्हणजे पोरीचं लग्न जुळवण्याइतकं अवघड झालं होतं. दोन वर्षांपूर्वी बचत कायदा आला तेव्हापासून गाडी इंधन कसं जाळते, याचं मोजमाप गाडीतूनच परस्पर यंत्रणेकडे जाई, आणि दर आठवड्याला तिला शंभरपैकी गुण मिळत. साठाच्या खाली घसरलेल्या गाडीला आठवड्यातून तीन दिवस शहरबंदी. प्रवासी गाड्यांना सत्तरची अट. त्याखाली परवाना धोक्यात. त्यामुळे टायर घेताना लोक आता रंगरूप नाही, गुण विचारत.

सावेकरने तीन चाकं लोळवत आणून भिंतीला टेकवली. पहिलं अठरा इंचाचं, झगझगीत, रुंद. रबराचा विषय निघाला की सरांचा बुजरेपणा थोडा वेळ कुठेतरी जाई, तसा तो गेला.

"हे नको. गाडीच्या पोटात ठेवलेला एक किलो आणि चाकाच्या कडेला चिकटवलेला एक किलो सारखा नसतो. कडेच्या किलोला पुढे ढकलायचं आणि वर गरगर फिरवायचंही. शिवाय एवढं रुंद टायर वारा अडवणार. दिसायला वाघ, खायलाही वाघ. हे दुसरं?"

"सोळाची रिम, हलकी. वर साधं अरुंद टायर."

"बाहेरचा घेर तोच राहतो ना? नाहीतर स्पीडोमीटर खोटं बोलायला लागेल."

"तोच राहतोय. रिम बारकी, टायरची भिंत उंच. ब्रेकची डिस्क आत बसून बोटभर जागा उरती. आन् हे तिसरं. सोळाचीच रिम, वर तुमचं." सावेकर हसला. "द्विमना."

सरांनी त्या तिसऱ्या चाकाकडे, वरसंशोधनाला गेलेल्या बापाने दुरून आपल्याच मुलाकडे पाहावं तसं पाहिलं.

टायर लोळतं तेव्हा रस्त्याला टेकलेला भाग दबतो आणि पुढच्या क्षणी सुटतो. दबताना रबर जेवढी ऊर्जा घेतं, तेवढी सुटताना परत देत नाही. थोडी दाबून ठेवतं आणि तिची उष्णता करून टाकतं. लांबच्या प्रवासानंतर टायरला हात लावला तर जी धग लागते, तीत आपलंच इंधन असतं. ताठ, उसळी मारणारं रबर वापरलं की ही गळती कमी होते. पण ओल्या रस्त्यावर नेमकं आळशी, चिवट रबरच उपयोगी पडतं. ते रस्त्याच्या बारीक खडबडीत शिरतं, तिथे रेंगाळतं आणि गाडीला धरून ठेवतं. बचत हवी तर ताठ, पकड हवी तर मऊ. जगभरचे रबरवाले या पेचाशी झुंजत आले होते आणि मिश्रणं बदलून बदलून थोडं इकडे, थोडं तिकडे करत होते.

सरांनी पन्नाशीनंतर त्यावर वेगळी तोड काढली. त्यांनी रबरात असे सूक्ष्म कण मिसळले, की बारीकसा विद्युतप्रवाह सोडला तर ते शाळेतल्या मुलांसारखे रांगेत उभे राहत आणि रबर ताठ होई. प्रवाह तोडला की रांग मोडे आणि रबर मऊ. प्रवाहासाठी चाकातच एक छोटी बॅटरी, चाक फिरेल तशी भरत राहणारी. कोरड्यात ताठ, ओल्यात मऊ. प्रवाह कधी तोडायचा? हवामानाच्या नकाशावर पाऊस दिसेल तेव्हा, किंवा गाडीचे वायपर सुरू होतील तेव्हा. इतकं साधं, इतकं स्वस्त, की गतिधर कंपनीने ते डोक्यावर घेतलं.

त्याच गतिधर कंपनीत सरांची मुलगी प्राची आता बचत विभागाची प्रमुख होती. अप्पा टायर बघायला गेल्याचं तिला घरून कळलं होतं, आणि तिचा पुण्याहून फोन आला तो याच वेळी.

"अप्पा, यात विचार कसला करताय? ब्याण्णव गुण येतील."

"आणि साध्याला?"

"अठ्ठ्याऐंशी. पण साधं कशाला? बापाने टायर शोधायचं आणि स्वतः दुसऱ्याचं लावायचं? लोक काय म्हणतील?"

"बरं," सर म्हणाले. ते बहुतेक वेळा 'बरं'च म्हणत.

चाकं चढवता चढवता सावेकर बोलत होता. "टायर एक नंबर, सर. फक्त वापरणाऱ्याला डोकं पायजे. वाघजाई घाटातली वडापवाली माहितीयेत का? टळटळीत ऊन, काच कोरडी ठणठणीत, आन् ह्यांचे वायपर आपले कराकरा चालू! येडा बाजार नुसता. एका बाईचं तर लायसनच काढून घेतलं. यंत्रणेला फसवती म्हणून. पुढच्या बुधवारी तिची शेवटची तारीख हाय. त्यात हरली की कायमचं गेलं. आमचा एक गिऱ्हाईक सांगत होता, ती म्हणं अजून कुणा मोठ्या माणसाच्या पत्राची वाट बघतीया." त्याने पान्याला शेवटचा झटका दिला. "येतंय पत्र!"

घरी आल्यावर त्यांनी तो ग्रंथ खाली काढला आणि दोनशे बारावं पान उघडलं.

"उद्या वाघजाईला जाऊ या म्हणतो," ते सुमतीबाईंना म्हणाले. "सहज."

"जाऊ या की," सुमतीबाई म्हणाल्या. "चौदा महिने झाले. मला वाटलं, आता पुढच्या जन्मीच जाताय."

"तुम्हाला माहीत होतं?"

"त्या पुस्तकावरची धूळ कोण पुसतं या घरात?"

मांडवड घाटमाथ्यावर होतं. वडापच्या, म्हणजे शीट भरली की सुटणाऱ्या जीपांच्या थांब्यावर एक पंचेचाळिशीची बाई, डोक्याला ओढणी घट्ट बांधून, खणखणीत आवाजात हाळी देत होती. "खाली उतरणारं कोण हाय, चला! दोन शीट, दोनच शीट!" जीप दुसऱ्याच्या होत्या, माणसं भरून द्यायचं काम तेवढं तिचं होतं. सर गाडीतून उतरले, तिच्यापर्यंत गेले, आणि सरांना जे नेहमी होई ते झालं. वाटेत जुळवलेलं वाक्य साफ विसरलं.

"मी... चौगुले. रबराचा."

"पत्रवाले?"

"पत्र न लिहिणारे," गाडीतून सुमतीबाई म्हणाल्या.

शबनमने सरांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मला वाटलं मेलासा," ती म्हणाली. "खरंच. मी म्हणलं, पत्ता चुकला असंल, न्हाईतर माणूस गेला असंल. जित्या माणसाला एक शब्द लिहायला एवढा टाइम लागत न्हाई."

"मला पाणी दाखवाल?" त्यांनी विचारलं.

तिने गळ्यातली शिट्टी काढून शेजारच्या पानवाल्याकडे दिली आणि पुढच्या सीटवर येऊन बसली. "गाडी तुम्हीच चालवा. मी स्टेअरिंगला बोट जरी लावलं तरी त्यांना तेवढंच निमित्त."

घाट उतरू लागला. आभाळ धुतल्यासारखं निळं होतं. शबनम बोटाने दाखवत होती. माथ्यावरच्या जांभ्या दगडात पावसाळाभर मुरलेलं पाणी माघ संपेस्तोवर कड्यातून पाझरत राहतं. गटार वर्षानुवर्षं बुजलेलं. मग ते रस्ता आडवा ओलांडून दरीत जातं. रोज, सगळा दिवस. त्याच्याखाली हिरवट बुळबुळीत थर धरतो. हवामानाच्या नकाशात मात्र थेंब नसतो.

"हे नळीचं वळण," ती म्हणाली. "हितं बाराही जीपवाले उन्हात वायपर लावत्यात. तुम्ही लावू नका. सावकाश घ्या, वीसनं. भिंतीकडनं घ्या."

सरांनी चाक वळवलं. गाडी वळली नाही. क्षणभर ती सरळच जात राहिली, एखाद्या बहिऱ्या माणसासारखी, आणि मग हातभर सरकून कड्याच्या बाजूच्या मातीत थांबली. मागे सुमतीबाईंनी वरची मूठ धरून "णमो अरिहंताणं" म्हटलं ते पुरं व्हायच्या आत सगळं झालं होतं.

"वीसनं हे," शबनम शांतपणे म्हणाली. "चाळीसनं विचारूच नका."

सर खाली उतरले. खिशातून त्यांनी एक घड्याळासारखं गोल यंत्र काढलं. रबराचा कठीणपणा मोजायचं ते त्यांचं जुनं यंत्र, प्रयोगशाळा सोडताना त्यांनी तेवढंच मागून घेतलं होतं. गुडघे टेकून त्यांनी त्याचं टोक टायरवर दाबलं. एक्काहत्तर. पायाखाली पाणी वाहत होतं, चपला भिजल्या होत्या, आणि टायर आपल्या मते वाळवंटात उभं होतं.

"आता वायपर लावा."

शबनमने दांडा खाली ओढला. कोरड्या काचेवर रबर करकरलं. ती मोठ्याने वीस अंक मोजत राहिली. सरांनी पुन्हा यंत्र दाबलं. सत्तावन्न.

त्यांनी वायपर बंद करायला लावले, थांबले, पुन्हा मोजलं. पुन्हा लावायला सांगितले. पुन्हा.

"अजून कितींदा, सर? पोरगी बघायला आल्यागत चाललंय."

"तीनदा तरी करायला हवं," सर ओशाळून म्हणाले. "एकदा चूक होऊ शकते."

मग वायपर सुरू ठेवून ते तेच वळण परत चढले आणि परत उतरले. या खेपेला टायरने रस्ता गोचिडासारखा धरला.

"हे तुम्हाला कुणी सांगितलं? वायपरचं?"

"कोण सांगणार? पहिल्या साली तीन जीपा ह्या भिंतीला घासल्या. तवा आमचा एक म्हातारा ड्रायव्हर म्हणाला, हेच टायर, हेच वळण. धो धो पावसात धरतंय आन् उन्हात सोडतंय. मग पावसात आपण काय येगळं करतो? वायपर लावतो. लावून बघितला. लागू पडला. आत काय हाय ते आम्हाला काय म्हायत. आन् साधं टायर परत घालायला पैसं कुणाकडं हायत?" ती खिडकीबाहेर बघत होती. "मी मग अख्खा घाट वायपर लावूनच चालवायची. दिवसातनं सहा फेऱ्या. गुण आले एक्केचाळीस. ते म्हणले, पाऊस न्हाई तर वायपर कशाला, तू यंत्रणेला फसवतीस."

"आणि वायपर न लावता चालवली असती तर?"

"तर गुण आलं असतं ब्याण्णव, आन् माणसं दरीत."

सरांनी गाडी कडेला घेतली. चाचणीचा रस्ता त्यांच्या डोळ्यांपुढे आला. जयसिंगपूरच्या बाहेर, परातीसारखा सपाट. वर लोखंडी कमानीवर फवारे. त्यांनी कळ दाबायची, वरून पाणी पडायचं, टायर मऊ व्हायचं, सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. सहा महिने त्यांनी टायरवर पाणी वरूनच ओतलं होतं. नदीकाठच्या सपाटीत जन्म गेलेल्या माणसाच्या ध्यानीमनीही आलं नव्हतं की रस्ता खालून, आडवा, उन्हात भिजू शकतो. नाही, हेही पुरतं खरं नव्हतं. एकदा आलं होतं. टायरच्या आत पाण्याचा चुळचुळाट ऐकणारा एक बारका कान बसवावा, असं त्यांनी एका कागदावर लिहिलंही होतं. मग मुदत जवळ आली, साहेब घाईत होते. उगाच आपण कशाला.

"मी आत्ताच लिहून देतो," ते म्हणाले.

"तसं चालत न्हाई. खोट्या सह्या, खोटे आवाज, खोटे फोटो एवढे झालेत की लायसनची समिती आता हातोहात दिलेला कागद धरत न्हाई, मोबाइलवरचा तर न्हाईच. शाईची सही पायजे, आन् पाकिटावर पोस्टाचा शिक्का, लिहिणाऱ्याच्या गावचा." ती जराशी थांबली. "माझं पाकीट हाय का? का टाकलासा?"

"आहे."

"तिकीट लावलेलं."

"आहे, शबनमताई."

तिला थांब्यावर सोडून सर निघाले ते वायपर न थांबवताच. मांडवडची वेस ओलांडताच गाडीच्या यंत्रातली गोड आवाजाची बाई बोलली, "पाऊस नोंदलेला नाही. कृपया वायपर बंद करा." सरांनी ते केलं नाही. कोल्हापूर येईस्तोवर सत्तर किलोमीटर ते लखलखीत उन्हात कोरडी काच पुसत राहिले. समोरून येणारे लोक बघत होते, एका टँकरवाल्याने हात हलवून खूण केली. सरांचे कान लाल झाले होते. पण हात स्टेअरिंगवर होते आणि तिथेच राहिले. वाटेत एकामागून एक चार नोटिसा आल्या. चौथीत लिहिलं होतं: यंत्रणेची दिशाभूल, सुनावणीस हजर राहा.

"गप्प बस म्हणावं तिला," सुमतीबाई त्या गोड आवाजाला उद्देशून म्हणाल्या आणि त्यांनी डबा उघडला.

घरात पाऊल टाकतात तोच प्राचीचा फोन.

"अप्पा, तुमच्या गाडीचा नंबर माझ्या स्क्रीनवर लाल आलाय. वायपर अडकलाय का?"

"नाही. मी लावला होता."

मग सरांनी सगळं सांगितलं. एक्काहत्तर, सत्तावन्न, जांभा दगड. तिने मध्ये तोडलं नाही. ती हुशार होती. वाक्य पुरं व्हायच्या आधीच तिला कळलं असणार.

"अप्पा, बारा लाख टायर रस्त्यावर आहेत. एका घाटासाठी—"

"घाट एकच आहे, हे कुणी मोजलंय?"

"आणि बचत? दोन वर्षांत हवा किती बदलली बघा. हे तुमचंच काम आहे. तुम्ही असं पत्र लिहिलंत की लोक म्हणतील, सगळंच थोतांड. कायद्यावर टपून बसलेले कमी आहेत का?"

हे खरं होतं, आणि एरवी एवढं खरं ऐकल्यावर सर 'बरं' म्हणाले असते.

"बचत खरी आहे," ते म्हणाले. "तीही सांगेन, कुणी विचारलं तर. पण माणसं घसरवून वाचवलेलं पेट्रोल मला बचतीत धरायचं नाही."

"कंपनी तुमचा चाचणीचा जुना रिपोर्ट काढेल, टायर ओल्यात सुरक्षित आहे म्हणणारा. त्यावर तुमची सही आहे, अप्पा. म्हातारपणी स्वतःचंच नाव धुळीला मिळवणार?"

"काढू दे रिपोर्ट. मला शोधायची मेहनत वाचेल."

"आणि माझं काय? उद्या मला विचारतील, वडिलांना थांबवलं का नाहीस."

सरांना वाटलं होतं, इथे आपला आवाज कापेल. तो कापलाही. "सांग की थांबवलं होतं. त्यांनी ऐकलं नाही."

"तुम्ही? तुम्ही कधी कुणाचं ऐकलं नाही असं झालंय का?"

"आज झालं."

तिने फोन ठेवला. दिवाळीला आणलेला तिचा फोटो समोरच्या फळीवर होता. सरांनी तो हलवला नाही. त्याच्याच समोर बसून त्यांनी दहावा मसुदा लिहिला, आणि तो पहिल्याच बैठकीत पुरा झाला.

"शबनमताई, स. न. वि. वि. नाही. माझ्या रबराला उन्हातलं पाणी कळत नाही. ते तुम्हाला कळलं. रस्ता पावसानेच भिजतो असं मी धरून चाललो. ही चूक टायरची नाही, तुमचीही नाही, माझी आहे. तुम्ही उन्हात वायपर लावलात ते बरोबर केलंत. आज मीही लावले. त्याबद्दल मला आलेल्या चार नोटिसा आणि नळीच्या वळणावर घेतलेली सहा मोजमापं सोबत जोडली आहेत. समितीसमोर मी स्वतः येईन. उत्तराला चौदा महिने लागले, त्याला सबब नाही. देवगोंडा भरमगोंडा चौगुले, द्विमना रबराचा कर्ता."

सुमतीबाईंनी चष्मा लावून ते वाचलं. "एकही तथापि नाही?"

"शोधून बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी सर पुन्हा वायपर लावून निघाले. दसरा चौकात सिग्नलला एक मोटरसायकलवाला शेजारी येऊन थांबला आणि हसत सुटला. "ओ आजोबा, पाऊस कुठाय?"

ज्या माणसाने रिक्षावाल्याशीही कधी आवाज चढवला नव्हता, त्याने काच खाली केली. "वाघजाई घाटात!" सर ओरडले. "बघायला जा!"

सावेकर दुकान झाडत होता. "सर, वायपर! बिघडलं का काय?"

"रिम राहू दे, उदय. टायर काढ. ते दुसरं घाल, साधं."

"अहो, परवा तर घातलंय. चार गुण जातील."

"हवा दोन पौंड जास्त भर. त्यातले दोन तिथेच परत मिळतील. उरलेल्या दोनांशिवाय मी जगेन."

सावेकरने जॅक लावला. पुढे डॅशबोर्डवर ठेवलेलं पाकीट त्याला दिसलं. त्यावरचं नाव, मांडवडचा पत्ता. त्याने ते दोनदा वाचलं.

"त्या मोठ्या माणसाच्या पत्रावर म्या हसलो होतो, सर."

"मला ठाऊक नसतं तर मीही हसलो असतो."

"हे तुमचं टायर आता ठेवू कुठं?"

"दारात ठेव. वाघजाईकडे जाणारा कुणी आला, की त्याला हे दाखव आणि सांग."

"काय सांगू?"

"की उन्हातही वायपर लाव. आणि कुणी हसलं, तर माझं नाव सांग."

सावेकरने चौथं चाक आवळलं, वाकून गाडीत हात घातला आणि दांडा वर केला. "आता ऱ्हाऊ द्या बंद. ह्या टायरला वायपर कळत न्हाई." दोन दिवसांत पहिल्यांदाच काच शांत झाली.

पोस्टातल्या खिडकीमागच्या बाईंनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. "आजोबा, तिकीट कमी पडतंय. हे जुन्या दराचं आहे. केव्हाचं पाकीट?"

"माझंच चुकलं. उशीर झाला." सरांनी वरच्या पैशांचं तिकीट घेतलं, जिभेला लावलं आणि शबनमच्या तिकिटाशेजारी चिकटवलं. "शिक्का माझ्यादेखत माराल का? तारीख स्पष्ट उठायला हवी. बुधवारच्या आत पोचेल ना?"

"शनिवारीच पोचेल." त्यांनी शिक्का शाईच्या गादीवर दाबला.

"थांबा," सर म्हणाले.

शिक्का हवेत थांबला. दुसऱ्या खेपेचं मोजमाप सत्तावन्न होतं की अठ्ठावन्न? आणि टोक दाबताना आपला हात थरथरत नव्हता हे कशावरून? घरी जाऊन वही बघून येता येईल. अर्ध्या तासाचं तर काम. मागच्या रांगेत कुणीतरी खाकरलं.

"आत काही घालायचं राहिलं का?"

सरांनी काउंटरवर दोन्ही तळवे टेकले.

"नाही. मारा."

शिक्का दणकन बसला. कोल्हापूर, आणि आजची तारीख.